बांधाचा वाद आणि सरकारी मोजणी
खानापूर तालुक्यातील लोंढा परिसरात पावसाने बांध खचतो, कुंपण नव्याने घातले जाते आणि हातभर जमिनीवरून शेजारी दुरावतात. परंतु कुंपण म्हणजे हद्द नव्हे. हद्द भूमापनाच्या नकाशावरून ठरते. म्हणून रागाच्या भरात कुंपण उपटू नये, हद्दीचा दगड हलवू नये. कर्नाटक भूमहसूल अधिनियम, १९६४ अन्वये हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकाचीच आहे. वाद उद्भवल्यास उताऱ्यासह अर्ज करून सरकारी मोजणी मागावी. मोजणीच्या दिवशी उभय शेजाऱ्यांनी हजर राहावे. पंचनामा कन्नडमध्ये असल्यास जाणकाराकडून समजून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नये. मोजणी अमान्य असल्यास वरिष्ठांकडे दाद मागता येते. तथापि खुणेचा दगड दोघांदेखत रोवला गेल्यास तंटा पुढील पिढीकडे जाण्याचे टळते.