मुळशी ते चवदार तळे : सायकलवरचा धडा

पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, महाड. सुमारे सव्वाशे किलोमीटरची ही वाट आम्ही काही कार्यकर्त्यांनी सायकलवर पार केली. चढावर दम निघतो, उतारावर ब्रेकची परीक्षा होते. पण मोटारीतून न दिसणारे सायकलवरून दिसते.

मुळशीचे पाणी बराच वेळ सोबत करते. भोवती डोंगर, दाट जंगल. पर्यटक इथे थांबतो, भजी खातो, फोटो काढतो. या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांची गावे आहेत, हे त्याला कोण सांगणार? टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. तरी धरण झालेच. १९२७ मध्ये हे पाणी घाटाखाली भिरा येथे उतरवून वीज सुरू झाली. वीज मुंबईकडे गेली. गाव गेले ते गेलेच.

त्याच १९२७ च्या २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे खुले केले होते, पण कागदावर! हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

एका ठिकाणी पाण्याने माणसे हुसकली, दुसऱ्या ठिकाणी माणसांनी माणसांना पाण्यापासून हुसकले. पाणी कुणाचे, हा सवाल मात्र एकच.

तरुणांनो, पावसाळा सरला की ब्रेक तपासा आणि निघा. वाटेत वाड्या-वस्त्यांवर थांबा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. निसर्ग जरूर पाहा, पण त्याचा मालक कोण झाला, तेही पाहा.