उन्हाळी सुटीतील चित्रपुस्तकांचे सहवाचन : स्वरूप आणि उपयोजन

प्रस्तावना
मे महिन्याच्या प्रारंभी महाराष्ट्रातील शाळांना सुटी लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात त्याहूनही काही दिवस अधिक, मूल शाळेपासून दूर असते. या काळात मुलाजवळ वेळ असतो, आजी-आजोबा, मामा-मावशी यांचा सहवास असतो. पुस्तक मात्र अनेक घरांत नसते. प्रस्तुत लेखात चित्रपुस्तकाचे स्वरूप, त्याच्या सहवाचनाची पद्धती आणि सुटीत ते मुलांपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

चित्रपुस्तकाचे स्वरूप
कोमेनियस यांचा ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ हा ग्रंथ १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झाला. मुलांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा तो आरंभीचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यात चित्र हे शब्दाचा अर्थ स्पष्ट करण्याचे साधन होते. आधुनिक चित्रपुस्तकात मात्र चित्र हे स्वतःच कथन करते. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ (१९६८) या पुस्तकाच्या शब्दांत एका कोंबडीचा फेरफटका एवढेच वर्णन आहे. तिच्या मागावर असलेला कोल्हा केवळ चित्रांत दिसतो. शब्दांत त्याचा उल्लेखही नाही. परिणामी, अक्षरे वाचणाऱ्या प्रौढाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, चित्र न्याहाळणाऱ्या मुलाला ठाऊक असते. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी लेखन आणि चित्रे या दोन्ही अंगांनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार प्राप्त झाला.

सहवाचनाची पद्धती
पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे सहवाचन नव्हे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन ते तीन वर्षे वयाच्या आसपासच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटातील पालकांना चित्रावरून खुले प्रश्न विचारण्याचे व मुलाचे बोलणे विस्तारण्याचे प्रशिक्षण दिले होते. दुसऱ्या गटातील पालक नेहमीप्रमाणे वाचत होते. अवघ्या एका महिन्यानंतर पहिल्या गटातील मुलांची भाषिक अभिव्यक्ती अधिक विकसित झालेली आढळली. म्हणजेच केवळ वाचन पुरेसे नसते. ते कसे केले जाते, हे निर्णायक ठरते.

संवादी वाचनाच्या या पद्धतीचे चार टप्पे सांगितले जातात : विचारणे, दाद देणे, विस्तारणे आणि पुन्हा म्हणवून घेणे. समजा, आठवडी बाजाराचे चित्र आहे. “इथं काय चाललंय?” या प्रश्नावर मूल “बैल” एवढेच म्हणते. “हो, बैल. तहानलेला बैल पाणी पितोय,” असे प्रौढाने म्हणावे आणि मुलाला ते त्याच्या शब्दांत पुन्हा म्हणू द्यावे. प्रश्न परीक्षेसारखे झाले की मूल गप्प होते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

या पद्धतीत अक्षरओळख अनिवार्य नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. निरक्षर आजीही नातवंडाला चित्रपुस्तक ‘सांगू’ शकते आणि तेही अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी वा कोरकू अशा घरच्या बोलीत.

उपलब्धतेचा प्रश्न
रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रॅन्झेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अल्प उत्पन्न गटातील मुलांना सलग तीन उन्हाळ्यांत, दर उन्हाळ्याला स्वतः निवडलेली १२ पुस्तके दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुस्तके न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वाचनक्षमता अधिक आढळली. हा फरक फार मोठा नव्हता, तसेच तेथील परिस्थिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही. तथापि, पुस्तक हाती असणे ही वाचनाची पहिली अट दोन्हीकडे समान आहे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे अपेक्षित आहे. परंतु शाळेला कुलूप लागले की पुस्तकांच्या कपाटालाही कुलूप लागते. पुस्तक फाटले वा हरवले तर नोंदवहीत उत्तर कोणी द्यायचे, ही शिक्षकांची चिंता निराधार नाही. म्हणूनच हाताळणीतून होणारी झीज ही हानी न मानता वापराचा पुरावा मानणारे धोरण शाळा व्यवस्थापनाने स्वीकारणे गरजेचे आहे.

समारोप
ताराबाई मोडक यांनी अंगणवाडीच्या रूपाने बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेले. त्याच न्यायाने एप्रिलअखेरीस प्रत्येक मुलाला दोन-तीन चित्रपुस्तके घरी देणे, पालकसभेत सहवाचनाचे प्रात्यक्षिक दाखवणे आणि मुलांनी आपापसांत पुस्तकांची अदलाबदल करणे, एवढी योजना शाळेला सहज शक्य आहे. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना आणि अध्यापक महाविद्यालयांतील विद्यार्थी तिला हातभार लावू शकतात. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातही गोष्ट सांगणारे माणूस असते. सुटीपूर्वी त्या माणसाच्या हाती चित्रपुस्तक पोहोचवणे हे शिक्षणव्यवस्थेचे उत्तरदायित्व होय.