पहिल्या टीवरचा आत्मविश्वास

पुण्यात येरवडा किंवा मुंबईत चेंबूर येथील गोल्फच्या मैदानांवर व्यापारी कुटुंबांतील पुरुष नवखे नाहीत. आता त्यांच्या घरच्या सुना-लेकी आणि संसारातून थोडी उसंत मिळालेल्या गृहिणीही या खेळाकडे वळत आहेत. त्यांतील बहुतेकींना चेंडूपेक्षा अधिक भय वाटते ते पहिल्या टीवर पाठीमागे उभ्या असलेल्या चार जणांच्या नजरेचे. ‘फटका हुकला तर लोक काय म्हणतील?’ या एका प्रश्नापायी कित्येक जणी दोन-चार धड्यांतच खेळ सोडून देतात.

हा संकोच जुना आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८६७ साली स्त्रियांचा पटिंग क्लब स्थापन झाला. खांद्याच्या वर हात उचलून फटका मारणे त्या काळी स्त्रियांना अशोभनीय मानले जाई. म्हणून त्यांच्या वाट्याला चेंडू हळुवार ढकलण्याचा खेळ आला. त्याच गावच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला, तो थेट २०१४ साली.

गंमत अशी की, ज्या पटिंगपुरते स्त्रियांना मर्यादित ठेवले गेले, तेच या खेळाचे मर्म आहे. अठरा होलच्या मैदानाचे पार साधारणपणे ७२ फटक्यांचे असते आणि प्रत्येक होलला दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे ३६ फटके, बरोबर निम्मे, ग्रीनवरचे! तेथे बाहुबळ लागत नाही. लागतात ते नजर, हिशेब आणि संयम. दुकानाचा गल्ला आणि घराचा खर्च ज्यांनी सांभाळला, त्यांना हे गुण वेगळे शिकवावे लागत नाहीत. म्हणून नवशिक्या भगिनींनी आरंभ ग्रीनपासून करावा. आधी तीन फुटांवरून चेंडू घालवावा, मग अंतर वाढवावे. चेंडू होलमध्ये पडल्याचा तो लहानसा आवाज मनाला मोठा धीर देतो.

त्यानंतर ड्रायव्हिंग रेंजवर एखाद्या आयर्नने सराव करावा. नियमाने १४ स्टिक बाळगता येतात. सुरुवातीला पाच-सहा पुष्कळ झाल्या. नवा संच घेण्याची घाई करू नये. भांडवल धंद्याच्या वाढीबरोबर घालावे, हा न्याय येथेही लागू आहे. प्रत्यक्ष मैदानावर उतरताना पुढच्या टीवरून खेळावे. त्यात कमीपणा नाही. त्या टी त्यासाठीच आहेत.

हँडिकॅपची व्यवस्था तर नवोदितांसाठी वरदानच आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत स्त्री-पुरुष दोघांनाही ५४ पर्यंत हँडिकॅप मिळू शकतो. त्यामुळे नवखी खेळाडूही निष्णात खेळाडूशी बरोबरीने स्पर्धा करू शकते. पहिला हँडिकॅप मिळवताना एका होलवर पारपेक्षा जास्तीत जास्त पाच फटके अधिक धरले जातात. म्हणजे पार चारच्या होलवर नऊच्या पुढे मोजणी नाही. मित्रत्वाच्या खेळात तेवढे झाले की चेंडू उचलावा, हसून पुढे चालावे. सोबत्यांना त्रास होतो तो वाईट फटक्याचा नव्हे, तर खोळंब्याचा. आपली पाळी येण्यापूर्वी तयार राहणारी खेळाडू कोणालाही जड होत नाही.

भारताच्या अदिती अशोकचे उदाहरण मनात ठेवावे. टोकियो ऑलिंपिकला ती गेली तेव्हा जागतिक क्रमवारीत दोनशेवी होती. लांब फटक्यांत अनेक जणी तिच्या पुढे होत्या, तरी पटिंगच्या बळावर ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या स्पर्धेत तिची बॅग वाहणारी कॅडी होती तिची आई.

आत्मविश्वास एका दिवसात जमा होत नाही. तो आवर्ती ठेवीसारखा वाढतो. घरच्यांनी एक पथ्य मात्र पाळावे. मैदानावर पतीने गुरू होऊ नये. शिकवण्यासाठी प्रशिक्षक आहेत. पतीने सोबत चालावे, विचारल्यासच बोलावे. आपल्या चुका आपणच मोजून स्कोअरकार्डावर प्रामाणिकपणे लिहिणारी स्त्री लोकांच्या नजरेला फार काळ भीत नाही.