निखळलेलें बोट व शस्त्रक्रियेवांचून उपचार

गतवर्षीं ज्येष्ठ महिन्यांत बैल बांधीत असतां त्यानें एकाएकीं हिसका दिला. दाव्याचा वेढा आमच्या अनामिकेस बसला व तिचा मधला सांधा मागील बाजूस निखळला. जमलेल्या मंडळींनीं बोट ओढून बसविण्याची सिद्धता केली. आम्हीं तें करूं दिलें नाहीं. कारण असें कीं, आमच्या एका परिचितांचें बोट पूर्वीं असेंच ओढून बसविलें होतें. सांध्यालगतचें हाड मोडलें होतें हें दोन महिन्यांनीं कळलें. आज त्यांना विळ्याची मूठ आवळतां येत नाहीं.

निखळणें व मोडणें यांतील भेद नुसत्या डोळ्यांनीं खात्रीनें ओळखतां येत नाहीं. त्यास क्ष-किरणांचें छायाचित्रच पाहिजे. सबब सूज चढण्यापूर्वींच अंगठी काढावी, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ लावावा, बोट आहे त्याच स्थितींत कामटीस अलगद बांधून हात उंच धरावा व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. तेल लावून चोळूं नये.

हाड शाबूत असल्यास मधल्या सांध्यास बहुधा शस्त्रक्रियेची गरज पडत नाहीं. बोटाच्या मुळाशीं सुई देऊन तें बधिर करितात. मग डॉक्टर बोट ओढून धरून निखळलेल्या हाडाच्या बुडाशीं अंगठ्यानें दाब देतात व सांधा जागेवर बसवितात. आमच्या बोटास पुरीं दोन मिनिटेंही लागलीं नाहींत. नंतर पुनः छायाचित्र घेऊन सांधा नीट बसल्याची खात्री करितात. सांधा स्थिर असल्यास तें बोट शेजारच्या बोटास पट्टीनें बांधितात. त्यायोगें आधारही मिळतो व वांकविणेंही चालूं राहतें. फार दिवस ताठ बांधून ठेवल्यास सांधा आंखडतो, हें विसरूं नये. पट्टी साधारणतः 3 ते 6 आठवडे असते. सूज मात्र कित्येक महिने रेंगाळते.

परंतु जखम उघडी असेल, बोट पांढरें वा बधिर पडलें असेल, अथवा तळहातालगतचा सांधा निखळला असेल, तर क्षणाचाही विलंब नको. तळहाताजवळच्या सांध्यास घरीं ओढल्यास आंतील जाड पडदा हाडांमध्यें अडकतो व मग शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर राहत नाहीं.

त्या वर्षीं आमची पेरणी कांहीं दिवस लांबली खरी. पण आज त्याच हातानें आम्ही कासरा धरितों. मात्र दाव्याचा वेढा बोटास कधींही घेत नाहीं.