'ओके' म्हणजे सौदा पक्का की नुसते ऐकले?

वेळणेश्वरच्या आसपास इंग्रजीवाचून कुणाचा धंदा अडलेला नाही. पण ती आता मोबाईलवर येऊन बसली आहे. किनाऱ्यावर परप्रांतीय पर्यटक उतरतात, गावात घर बांधणारा मालक आखातात असतो, आंब्याच्या पेट्यांची विचारणा परगावच्या व्यापाऱ्याकडून येते. या मंडळींचे म्हणणे समजले, हे सांगताना आपले व्यापारी व कारागीर बहुधा 'ओके', 'येस', 'आय नो' एवढ्यावरच भागवतात. इथेच घोटाळा होतो.

निरोप मिळाला, समजला, पटला आणि त्याप्रमाणे करतो, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत 'बरं' म्हटले की चारही निभावतात, कारण समोरच्याला आपला चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. लेखी निरोपात यापैकी काहीच नसते. समजा, घरमालक दुबईहून कळवतो की चौकटी सागाच्याच हव्यात, फणसाच्या नकोत. सुतार उत्तर देतो, 'ओके'. मालक समजतो, काम तसेच होणार. सुताराच्या मनात एवढेच की निरोप पोचला, सागाचा भाव काढून मग कळवू. चौकटी बसल्यावर वाद होतो आणि मजुरी अडकते. अशा वेळी 'रिसीव्हड, विल कन्फर्म टुमॉरो' असे लिहावे. म्हणजे निरोप मिळाला, होकार उद्या.

'आय नो' हे तर गिऱ्हाईक दुखावणारे उत्तर. त्याने काही समजावून सांगितले आणि आपण 'आय नो' म्हटले, तर त्याला ऐकू येते, 'ठाऊक आहे मला, तुम्ही सांगायला नको.' तिथे 'आय सी' म्हणावे. मात्र 'आय सी' म्हणजे नुसते 'अस्सं'. आपण भाव सांगितला आणि पलीकडचा घाऊक व्यापारी 'आय सी' म्हणाला, तर भाव मान्य झाला असे धरून पेट्या भरू नयेत. 'आय अंडरस्टँड' हेही होकाराचे नव्हे. व्यापारात त्याच्यामागून बहुतेक वेळा 'बट' येतो आणि खरे उत्तर त्या 'बट'नंतर असते. काहीजण 'आय ॲम अंडरस्टँडिंग' म्हणतात. त्याचा अर्थ होतो 'मी समंजस माणूस आहे'. असालही, पण ते विचारले कुणी?

'गॉट इट' जपून वापरावे. बोलणे चालू असेल तर त्याचा अर्थ 'समजले', पण विषय बयाण्याचा असेल तर 'रक्कम मिळाली' असाही होतो. तसेच शंका विचारताना आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो. भारताबाहेरच्या गिऱ्हाइकाला त्यात अविश्वासाचा वास येतो. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हटले की काम झाले.

हा केवळ भाषेच्या शिष्टाचाराचा प्रश्न नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १३ वे कलम सांगते की दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. ७ व्या कलमाप्रमाणे स्वीकार बिनशर्त असावा लागतो. म्हणजे पन्नास पेट्यांच्या मागणीवर 'नोटेड' लिहिणाऱ्याने मागणीची नोंद घेतली; ती स्वीकारली की नाही, हा वादाचा मुद्दा राहतो.

उलट, स्वीकार करायचा नसताना तो गळ्यात पडल्याचे उदाहरण कॅनडातील आहे. २०२१ मध्ये सस्कॅचवान प्रांतातील एका धान्य कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो मोबाईलवर पाठवला व दुजोरा मागितला. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले. भाव चढले, माल गेला नाही. कागद मिळाला एवढेच आपण सांगितले होते, असा त्याचा खुलासा. न्यायालयाने जुने व्यवहार पाहिले. आधीच्या सौद्यांत 'लुक्स गुड', 'ओके', 'यप' अशी तुटक उत्तरे देऊन त्याने माल पोचवला होता. मग या वेळचा अंगठा वेगळा कसा? २०२३ च्या निकालाने त्याला ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. आपल्याकडील न्यायालय असेच म्हणेल असे नाही, पण 'आम्ही सहज पाठवले' हा बचाव किती पोकळ ठरू शकतो, ते यावरून दिसते.

या बाबतीत आपल्या कोकणातील दर्यावर्दी मंडळींकडे जुना उपाय आहे. बोटीवर अधिकाऱ्याने 'पोर्ट टेन' असा हुकूम दिला की सुकाणूवरचा खलाशी 'येस सर' म्हणून मोकळा होत नाही; तो 'पोर्ट टेन' असा हुकूमच परत बोलतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांसाठी जी ठरीव इंग्रजी वाक्ये स्वीकारली, त्यांतही सुकाणूचे हुकूम असेच परत म्हणावेत असा नियम आहे. घरात कुणी बोटीवर नोकरी केलेली असेल तर विचारून पाहा. दुकानातही हे जमते. सौदा ठरला की माल, नग, भाव आणि तारीख आपणच परत लिहावी : 'फिफ्टी बॉक्सेस, फाइव्ह डझन ईच, बाय ट्वेंटिएथ एप्रिल. प्लीज कन्फर्म.' भावाचा आकडा त्यात न विसरता घालावा. उत्तरात 'कन्फर्म्ड' आले तर पेट्या बांधायला घ्याव्यात. नुसता अंगठा आला तर एक फोन करावा.