फोन गेला तर फोनच जावा, फोटो नकोत!

समजा, तुमचा फोन आज लोकलच्या गर्दीत गेला. नवा ईएमआयवर घेता येईल. पण आजीचे फोटो? फायनल इयर प्रोजेक्टचा रिपोर्ट? 'गूगलवर असेल ना' हे उत्तर पटकन येतं. जरा तपासून बघा. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फोटो, जीमेल, ड्राइव्ह सगळं मिळून १५ जीबी फुकट. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि तशी सूचना आली की आपण 'नंतर बघू' म्हणून बाजूला सरकवतो.

दरमहा पैसे भरून जागा वाढवता येते, त्यात काही वावगं नाही. पण दुसरा रस्ता घरातच आहे. रास्पबेरी पाय, म्हणजे एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ मध्ये बाजारात आणला. रोबोट-बिबोट करताना तुम्हीही घेतला असेल आणि प्रोजेक्ट संपल्यावर खोक्यात टाकला असेल. तोच काढा. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा, राउटरला केबल लावा, झाला तुमचा बॅकअप सर्व्हर.

'चोवीस तास चालू? आई ओरडेल!' मग आईला आकडा सांगा. पाय आणि छोटी डिस्क मिळून ढोबळमानाने आठ वॅट धरले, तर महिन्याला जेमतेम सहा युनिट. तेच काम शंभर वॅट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर केलंत तर ७२. जुना पाय-३ संथ आहे, पहिले १०० जीबी जायला तीनेक तास घेईल. घेऊ दे, ते एकदाच आहे. कंजुषी फक्त चार्जरमध्ये करू नका. हाताला लागेल तो मोबाइल चार्जर लावला आणि डिस्कही पायच्याच विजेवर चालवली, की व्होल्टेज पडतं आणि कॉपी होताहोताच डिस्क गायब होते. पायचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आणि डिस्कला वेगळी वीज देणारा यूएसबी हब घ्या.

आता खरी गोम. बरेच जण सिंकथिंग टाकतात, फोनमधले फोटो आपोआप डिस्कवर येतात आणि वाटतं, काम फत्ते! पण सिंक म्हणजे आरसा. फोनवरून चुकून फोल्डर उडालं, की आरशातूनही गेलं. बॅकअपला कालचं, परवाचं आठवायला हवं. त्यासाठी आरसिंक हे १९९६ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला रोज रात्री तारखेचं नवं फोल्डर करायला सांगता येतं. न बदललेल्या फाइल ते पुन्हा कॉपी करत नाही, कालच्याच प्रतीकडे बोट दाखवतं. त्यामुळे प्रत्येक तारखेचं फोल्डर पूर्ण दिसतं, जागा मात्र बदललेल्या फाइलपुरतीच जाते. यासाठी डिस्क लिनक्सच्या एक्स्ट-४ फॉरमॅटमध्ये हवी. फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा डिस्क रिकामी आहे ना, ते आधी बघा.

आणि हो, सर्व्हर घरात, लॅपटॉप घरात, म्हणजे संकटही दोघांवर एकदमच. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना हे सांगायला नको. एक जास्तीची डिस्क मावशीकडे ठेवा, पासवर्ड घालून, आणि दिवाळीला जाल तेव्हा ताजी करा. बाहेरून फाइल बघता याव्यात म्हणून राउटरचा पोर्ट मात्र उघडू नका. घरी आल्यावर वायफाय लागलं की कॉपी झाली, एवढं पुरे.

महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी फाइल डिस्कवरून परत मागवून उघडून बघा. विंडोज एक्स्ट-४ ची डिस्क सहजासहजी वाचत नाही, म्हणून ती पायकडूनच नेटवर्कवर मागवा. सुरुवात रिपोर्टच्या फाइलपासून केलीत तरी चालेल.