विश्लेषण : पिल्लू काही हजारांचे, खर्च सहा लाखांचा! घरात इग्वाना पाळणे नेमके किती महाग?

समाजमाध्यमांवरील रीलमध्ये खांद्यावर शांत बसलेला हिरवा इग्वाना पाहून अनेकांना तो पाळावासा वाटतो. कुत्र्यासारखा भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही आणि खातो पालेभाजी. त्यामुळे हा स्वस्तातला पाळीव प्राणी, असा समज होतो. प्रत्यक्षात पिल्लाची किंमत हा एकूण खर्चातला सर्वांत छोटा आकडा आहे.

इग्वाना किती मोठा होतो?

मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला हा सरडा अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा शेपटीसह वीतभर असतो. काही वर्षांत तो पाच-सहा फुटांचा होतो. नीट सांभाळल्यास १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजे अकरावीतल्या मुलाने हट्टाने आणलेले पिल्लू तो तिशीला येईपर्यंत घरात असू शकते.

विक्रेता सोबत जी काचेची पेटी देतो, ती वर्षभरात अपुरी पडते. हा प्राणी झाडावर राहणारा असल्याने त्याला उंची लागते. पूर्ण वाढलेल्या इग्वानासाठी साधारण सहा फूट लांब, सहा फूट उंच आणि तीन फूट खोल पिंजरा हवा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे एक जास्तीचे कपाटच झाले. दमट हवेत टिकणारे प्लायवूड, काच, जाळी, फांद्या आणि सुताराची मजुरी धरता ५० हजार रुपये सहज जातात.

विजेचे बिल का वाढते?

सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाहीत. ऊन मिळाले नाही तर इग्वानाला खाल्लेले पचतही नाही. ऊन शेकण्याच्या जागेवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. प्राणी लांब असल्याने एका दिव्याने भागत नाही.

१०० वॅटचे दोन दिवे रोज १२ तास लावले, तर दिवसाला २.४ युनिट. ४० वॅटची अतिनील (यूव्हीबी) नळी तेवढाच वेळ चालवली, तर आणखी जवळपास अर्धा युनिट. महिन्याला झाले ८६ युनिट. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने हे जास्तीचे युनिट वरच्या दरात पडतात. सर्व आकारांसह युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याला एक हजारावर रक्कम होते. पुणे-नाशिकच्या थंडीत रात्री हीटर लावावा लागतो, त्याचे ३० युनिट वेगळे. मुंबईच्या उकाड्यात हा खर्च कमी होतो. वीज वारंवार जाते तिथे इन्व्हर्टरचाही विचार करावा लागतो.

यूव्हीबी नळीत एक मेख आहे. ती डोळ्यांना प्रकाशमान दिसते, पण सहा ते १२ महिन्यांत तिच्यातील अतिनील किरणे क्षीण होतात. ‘चालू तर आहे’ म्हणून ती बदलली जात नाही. या किरणांशिवाय शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही. मग शरीर हाडांतलेच कॅल्शियम वापरू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडते. पाळीव इग्वानांमध्ये हा आजार नेहमी दिसतो आणि वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. चार हजारांची नळी वाचवण्याची किंमत ही.

खाण्याचे काय?

इथे मात्र मराठी घरांची सोय आहे. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, भोपळा हे सगळे चालते. पालक मात्र रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. अंडी, मांस, कुत्र्या-मांजरांचे खाद्य तर नकोच. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो. दिवसाला ४० रुपये धरल्यास वर्षाचे १४,६०० रुपये होतात. दारात शेवगा असेल तर हिशेब बराच उतरतो.

वर्षाचा हिशेब किती?

वीज साडेतेरा हजार, भाजी १४,६००, नळी, दिवे आणि कॅल्शियम पावडर सात हजार, डॉक्टर पाच हजार. एकूण सुमारे ४० हजार. १५ वर्षांचे सहा लाख, पिंजरा वेगळा. हा अंदाज आहे. शहरानुसार आकडे बदलतील.

डॉक्टरचा आकडा सर्वांत बेभरवशाचा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक मोजक्या मोठ्या शहरांतच मिळतात. मादी नराशिवायही अंडी घालते. ती अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय या प्राण्यांमुळे साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात तो न ठेवलेलाच बरा.

कायदा काय सांगतो?

हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि नोंदणी ‘परिवेश २.०’ पोर्टलवर होते. जन्म, मृत्यू आणि मालक बदलणे, सगळे कळवावे लागते. विक्रेत्याची साधी पावती पुरेशी नाही.

घोरपडीची गोष्ट वेगळी. ती याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा असून तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ‘परदेशी सरडा’ म्हणून घोरपडीचे पिल्लू गळ्यात मारले गेले, तरी सापडणार घेणाराच.

नकोसा झाल्यावर टेकडीवर सोडून देणे हा तर मार्गच नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात सोडलेल्या आणि निसटलेल्या इग्वानांची संख्या इतकी वाढली, की ते बागा फस्त करतात, कालव्यांचे काठ पोखरतात. तिथे २०२१ पासून ते घरी नव्याने पाळण्यावर बंदी आहे. आपल्याकडे सांभाळणे अशक्य झाले, तर पशुवैद्यक किंवा वन विभागाशी बोलून नोंदणीकृत हस्तांतर करावे लागते. पाच-सहा फुटांच्या इग्वानाला घेणारे घर शोधायला मात्र महिनोन् महिने लागू शकतात आणि तोपर्यंत दिवे चालूच ठेवावे लागतात.